माझ्या टाचा मशीनले दिसल्या नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

अंकुश म्हणे, "आई, वरची खोली आता बंद!" असा बोलला जसा कंपनीत कोणाले कामावरून काढून राहिला!

अन् कारण काय, त मी जिन्यावरून घसरली. घसरली म्हणजे काय — बसली! उतरता उतरता खालच्या पायऱ्यांवर बूड टेकलं, बस. मले काहीच झालं नाही. झालं ते मिरच्यांले. सुपात वाळलेल्या भिवापुरी मिरच्या होत्या, त्या पार अंगणातल्या नळापर्यंत उडाल्या. अंकुश हिंगण्याच्या कंपनीतून तेवढ्यातच आला होता, बसमधून उतरून. दारात पाय ठेवला अन् शिंकाले लागला. शिंकत शिंकतच मले उचललं, शिंकत शिंकतच रागावला. मले हसू आवरे ना, म्हणून त्याले अजूनच राग आला.

"सत्तरी झाली तुझी. कंबरेचं हाड मोडलं त काय करशील?"

सून मोनाली म्हणे, "आई, खालची मागची खोली मी आजच साफ करून देते." तिचं मन चांगलं आहे. पण त्या खोलीत आहे काय? गॅसचं सिलिंडर, जुना कूलर, अन् खिडकी उघडली की समोर भिंत. ऊन म्हणून यायचं नाव नाही.

वर काय आहे ते या लोकांले काय माहीत! वर गच्ची आहे. अन् कठड्यापलीकडे रुखमाबाई आहे. तिचं घर आमच्या घराले खेटून, तिची गच्ची आमच्या गच्चीले खेटून, मधात कंबरेएवढा कठडा. हे गेले तेव्हापासून माझा दिवस त्या कठड्यावरच उजाडते. उन्हाळ्याचं वाळवण आम्ही मिळून करतो — एकच लांब धोतर पसरायचं, अर्धं तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे. अन् मग दिवसभर भांडायचं का कोणाच्या कुरडया जास्त पांढऱ्या! खाली गेली त मी कोणाशी भांडू? सिलिंडरशी?

नात दीक्षा तेवढी माझ्या बाजूने. दीक्षा फिजिओथेरपी शिकली, आता धंतोलीतल्या एका दवाखान्यात लागली. आमच्या घराण्यात दवाखान्यात कामाले जाणारी पहिली पोट्टी! पांढरा कोट घालते तर मी चार घरं सोडूनही लोकांले सांगून येतो. तिच्या दवाखान्यात म्हणे एक मशीन आहे. त्याच्यावर चाललं का ते पायाचा दाब मोजते. टाचेवर किती, अंगठ्यावर किती, माणूस सरळ उभं आहे का एकीकडे कललं, पडायचं भेव किती — सगळं!

दीक्षा बापाले म्हणे, "पप्पा, अंदाजाने काहून बोलता? आजीले घेऊन या. मोजू ना!"

अंकुशले मशीन म्हटलं की विश्वास. आयुष्य त्याच्यातच गेलं. म्हणे, "ठीक आहे. मशीन हो म्हणाली त वर. नाही म्हणाली त खाली. मग रडायचं नाही."

मी म्हणलं, "तूच नको रडू."

३ फेब्रुवारी, मंगळवार

रुखमाले सांगितलं. ती म्हणे, "पाय मोजाले दवाखाना? चपलेच्या दुकानात फुकट मोजतात वं!" मी म्हणलं तुले नाही समजत, तू तिसरीतच शाळा सोडली. मी चौथी पास आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! मशीनवर चालून आली!

सकाळी उठल्याबरोबर पाय घासाले बसली. आधी दगडाने, मग मोनालीच्या ब्रशने, मग खोबऱ्याचं तेल. दवाखाना माझे तळवे पाहणार म्हटल्यावर काय तसेच न्यायचे! दीक्षा म्हणे, "आजी, अवं मशीन दाब पाहते, मळ नाही पाहत!" पण मी टाचा अशा केल्या, अशा केल्या, का नवरीच्या नसतील.

दीक्षाच्या गाडीवर मागे बसून गेली. अंकुश मोटरसायकलवर मागून. बर्डीच्या पुलावर दीक्षाने अशी गाडी काढली, अशी गाडी काढली — मले वाटलं आधी हिचंच काहीतरी मोजाले पाहिजे.

दवाखान्यात माझ्याआधी एक मोठ्या पोटाचे शेठजी होते, ओमप्रकाशजी. मशीनवर उभे राहिले अन् पोट आत ओढून घेतलं! दीक्षा म्हणे, "अंकलजी, साँस छोडिए." ते म्हणे, "पहले वजन बताओ, फिर छोडूँगा." ती म्हणे ये वजन का काँटा नही है. त्यांले काही पटलं नाही. उतरून मले म्हणाले, "माताजी, दो किलो ज्यादा बताता है."

माझी पाळी आली. मशीन म्हणजे जमिनीवर टाकलेली एक लांब काळी पट्टी, रबरी सतरंजीसारखी, अन् तिची वायर कॉम्प्युटरले. मी चपला काढल्या. आता ज्याले पाय लावायचा त्याले आधी हात लावून पाया पडतोच आपण. तशी वाकली, हात लावला. त पडद्यावर माझा पंजा उमटला! पाचही बोटं! दीक्षाचे मोठे डॉक्टर आहेत उन्मेष म्हणून, अगदी पोरगेले आहेत, ते म्हणाले, "आजी, हात पुसून टाकतो. आता पाय द्या."

मग उभी राहिली अन् पडद्यावर माझे पाय आले. बापा! काय सुंदर! निळे, हिरवे, पिवळे — अन् जिथं दाब जास्त तिथं लाल. माझे पाय टीव्हीवर! मी दीक्षाले म्हणलं, याचा मोठा फोटो काढून दे, भिंतीवर लावतो. सगळे हसले. अंकुश नाही हसला. तो हाताची घडी घालून उभा, जसं काही मशीनच पास होते का नापास ते पाहून राहिला.

मग डोळे मिटून उभं राहाले लावलं. मग डॉक्टर म्हणाले, "आता आजी, त्या टोकापासून या टोकापर्यंत चालून दाखवा."

दाखवली चालून. मान खाली, हळू हळू, नीट. सगळे पाहून राहिले होते — डॉक्टर, दीक्षा, अंकुश, एक नर्स अन् दारातून ओमप्रकाशजी. परत म्हणाले चाला. परत चालली. मले वाटलं लयच छान चालली! पाय अगदी अलगद, आवाज नाही, काही नाही. डॉक्टर कॉम्प्युटरकडे पाहून "हम्म" म्हणाले. मले वाटलं खूश झाले.

घरी येऊन रुखमाले सांगितलं, मी पास.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नापास.

दीक्षा रिपोर्ट घेऊन आली. तिचं तोंड पाहूनच समजलं. कागदावर माझे पाय छापलेले, पण अर्धेच! बोटं लाल, चवडे लाल, अन् टाचेच्या जागी काहीच नाही — थोडासा निळा डाग, जसा कोणी शाई सांडून पुसली. डॉक्टर म्हणे आजी सगळा भार पुढे टाकते, टाच टेकवतच नाही, पावलं लहान, पाय उचलत नाही, नजर खाली. पडायचा धोका जास्त. जिना नको.

ज्या टाचा मी दगडाने घासून घासून चकचकीत केल्या, त्या मशीनले दिसल्याच नाही!

मी म्हणलं मशीन खराब आहे. दीक्षा म्हणे नाही आजी. मी म्हणलं ओमप्रकाशजीचेही दोन किलो जास्त दाखवले होते! ती हसली नाही. तिच्या डोळ्यात पाणी होतं. मग मीच तिच्या हातातला कागद काढून घेतला. पोट्टीची पहिली नोकरी, अन् पहिलं वाईट सांगाचं ते आजीलेच.

अंकुश रागावला नाही, ओरडला नाही. तो ओरडला असता त मी दोन गोष्टी सुनावल्या असत्या. पण तो म्हणे, "आई, रविवारी सुट्टी आहे. तुझा पलंग खाली आणतो." असा हळू बोलला. हळू बोलणाऱ्याशी कसं भांडावं?

७ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहीत नाही. राग आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

हसून हसून पोट दुखून राहिलं!

पलंग जिन्यात अडकला! हा पलंग यांनी आमच्या लग्नाच्या वर्षी बनवून घेतला, सागवानी, चार माणसांले उचलत नाही असा. तेव्हा जिना नव्हताच, वरची खोली मागून झाली. पलंग वर नेला होता त्याचे पाय सोडवून. पण अंकुशले घाई! म्हणे तिरपा केला की निघते. तो अन् आमच्या गल्लीतला सुतार रुपराव — दोघांनी तिरपा केला, उभा केला, आडवा केला. जिन्याच्या वळणावर गेला अन् बसला. ना वर, ना खाली!

अन् रुखमा कठड्यावरून हुकूम देऊन राहिली. "डावा पाय उचल रे! अरे तुझा नाही, पलंगाचा!" रुपराव चिडला. म्हणे, "काकू, तुम्हीच या ना उतरून." ती म्हणे, "मी आली त पलंग घाबरून पळून जाईन."

शेवटी रुपराव म्हणे पाय सोडवाची पक्कड दुकानात आहे, अन् मले आता मौद्याले लग्नाले जाचं आहे, बुधवारी येतो. अन् गेला! आता पलंग जिन्यात. खालची माणसं वर येऊ शकत नाही, वरची खाली जाऊ शकत नाही. म्हणजे पलंगाखालून रांगत जाता येते, पण मोनाली साडीवर कशी रांगेल! मी वरच अडकली. मजा! मोनाली ताट जिन्यात आणून पलंगाखालून सरकवते अन् मी वरून घेतो. तिलेही हसू येते आता. म्हणे, "आई, कैद्यासारखं वाटते." मी म्हणलं, "कैदी खुशीत आहे."

९ फेब्रुवारी, सोमवार

आज जे समजलं ते समजून मी सकाळपासून एकटीच हसतो.

रुखमा कठड्यावर टेकून बसली होती, मी इकडे मेथी निवडत. ती म्हणे, "भीमा, मले एक सांग. तू रोज या गच्चीवर धबधब धबधब चालतं. माझ्या घरात खाली छताले हादरे बसतात. अन् त्या मशीनले तुझी टाच दिसली नाही? कसं काय?"

मी म्हणलं, तेच त म्हणतो मी!

ती म्हणे, "चालली कशी होती तू तिथं? दाखव बरं चालून."

दाखवली. पदर सावरला, मान खाली, चवड्यावर चवड्यावर, हळू, अलगद, या कठड्यापासून टाकीपर्यंत.

रुखमा पाहतच राहिली. मग तोंडावर पदर घेतला. मग हसाले लागली. मग अशी हसाले लागली का कठडा धरून खालीच बसली. मले नुसता तिचा आवाज येऊन राहिला, ती दिसतच नाही! "अवं भैताड! अवं भीमे! तू त पाहाले आलेल्या पाव्हण्यांसमोर चालून राहिली वं!"

अन् मले एकदम सगळं आठवलं.

माझ्या माहेरी, पारशिवनीले, यांच्या घरचे लोक मले पाहाले आले होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या आत्याबाई होत्या संगं, मोठ्या कडक. त्यांच्या ओळखीत कुठेतरी पाय अधू असलेली पोरगी लपवून दिली होती, म्हणून त्या प्रत्येक पोरीले चालूनच पाहत. माझ्या मायने आदल्या दिवशी मले दिवसभर चालवलं होतं. "नजर खाली! पाय नको उचलू! टाच वाजू देऊ नको, नाही त म्हणतील पोरगी दांडगी आहे!" टाच वाजली का तिच्या बांगड्या भरल्या हाताची मूठ माझ्या पोटरीवर. अन् दुसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "चालून दाखव पोरी." दाखवली. त्याच वेळी पसंती आली!

त्यानंतर मले आयुष्यात कोणी म्हणलंच नाही, का चालून दाखव. एकदम त्या डॉक्टरांनीच म्हणलं. अन् समोर माणसं उभी, पाहून राहिली — पाय आपोआप तसेच चालाले लागले! मले पत्ताच नाही!

तेव्हा त्या चालीवर पास झाली. आता त्याच चालीवर नापास.

११ फेब्रुवारी, बुधवार

रुपराव आला, पलंगाचे पाय सोडवले. आता पलंग वर न्यायचा का खाली? अंकुश म्हणे खाली. दीक्षा म्हणे, "थांबा पप्पा!" मी तिले काल सगळं सांगितलं होतं. तिने जिन्यातच बसून बापाले सांगितलं. रुपराव पलंगाचं एक टोक धरून उभा, तोही ऐकून राहिला.

अंकुश म्हणे, "हे काही कारण झालं?"

दीक्षा म्हणे, "पप्पा, डॉक्टरांले फोन केला मी. ते म्हणे असं होते. कोणी पाहून राहिलं असलं का माणूस आपल्यासारखं चालतच नाही. काही लोक ऐटीत चालतात, काही लंगडणं लपवतात. आजी नवरी झाली! शनिवारी परत मोजाचं म्हणाले."

रुपराव म्हणे, "काकू, पसंती आली होती ना पण?" मी म्हणलं आली होती म्हणूनच त तू हा पलंग उचलून राहिला! त्याने पलंग तिथंच ठेवला अन् हसत बसला. मग वर नेला. वर न्यायचा असा हुकूम कोणी दिला नाही, पण वर नेला.

रुखमा म्हणे शनिवारी मीही येतो संगं. मी नसली त ही परत लाजेन.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचं नीट लिहितो, एकही गोष्ट सोडत नाही.

अंकुशची सेकंड शिफ्ट होती म्हणून तो सकाळी मोकळा. मी, रुखमा अन् दीक्षा ऑटोने गेलो, अंकुश मोटरसायकलवर मागून. रुखमाने इस्त्रीची साडी नेसली होती, जसं तिलेच पाहाले येऊन राहिले.

डॉक्टर म्हणाले, "आजी, आज नुसतं चाला. घरी चालता तसं." आता घरी चालता तसं चाला म्हणलं का घरी कसं चालतो तेच आठवत नाही! दोनदा चालली. दीक्षा हळूच म्हणे, "आजी, परत नवरी." डॉक्टरांनी सगळ्यांले भिंतीकडे तोंड कराले लावलं. अंकुश भिंतीकडे तोंड करून उभा, नर्स भिंतीकडे, डॉक्टर स्वतः भिंतीकडे. मले इतकं हसू आलं का चालताच येईना. मग दीक्षाने हातात पाण्याची बाटली दिली, म्हणे पलीकडे नेऊन ठेव. मी बाटलीही तशीच नेली, जसा पाव्हण्यांपुढे चहाचा ट्रे.

मग रुखमा उठली. पट्टीच्या पार त्या टोकाले जाऊन खुर्चीवर बसली, कंबरेवर हात ठेवून. अन् मोठ्याने म्हणे, "डॉक्टरसाहेब, हिचं राहू द्या. हिले कुरडया जमत नाही, चालणं काय जमणार!"

काय?

"मागच्या साली हिच्या कुरडया तेलात टाकल्या का विरघळल्या. सगळ्या गल्लीने पाहिलं."

मी तिच्याकडे निघाली. "कोणाच्या विरघळल्या वं? माझ्या? तुझा चीक आंबट झाला होता, तो मी माझ्यात मिसळून घेतला म्हणून तुझी इज्जत राहिली! विसरली?" तिच्यापुढे जाऊन उभी राहिली अन् बोट दाखवलं. मागून दीक्षा ओरडली, "आलं! सर, टाच आली!"

मी वळून पाहिलं त पडद्यावर माझी टाच! लाल! गोल! मशीन काय लपवते!

डॉक्टर रुखमाले म्हणाले, "आजीबाई, अजून एकदा म्हणा ना काहीतरी." तिले काय कमी! मी परत त्या टोकाले गेली. ती म्हणे, "अन् हिच्या अंकुशच्या लग्नात वरण खारट होतं!" मी आली. परत गेली. "अन् हिच्या आवाजाने माझं मांजर पळून गेलं!" परत आली. असं कितीदा झालं कोण जाणे. शेवटी अंकुश भिंतीकडचं तोंड वळवून पाहाले लागला. मग त्यालेही राहावलं नाही. म्हणे, "काकू, वरण खारट नव्हतं हो!" रुखमा म्हणे, "तू गप, तू नवरदेव होता, तुले काय समजते!"

डॉक्टरांनी मग नीट समजावून सांगितलं. टाच आधी टेकते, भार तळव्याच्या बाहेरून पुढे जाते, अंगठ्याने जमीन ढकलते, पाऊल लांब आहे. उजवा तळवा थोडा बसला आहे, म्हणून तिकडे भार जास्त पडते, त्याच्यासाठी चपलेत घालाले एक गादी करून देतात. डोळे मिटून उभी राहिली त थोडी डुलते, पण वयाच्या मानाने चांगलं. जिना चालते. मात्र दोन्ही बाजूले धराले दांडा पाहिजे, अन् हातात सूप घेऊन उतरायचं नाही!

मी अंकुशकडे पाहिलं. तो म्हणे, "ठीक आहे आई. वर." एवढंच! पण बाहेर जाऊन त्यानेच आमच्यासाठी उसाचा रस आणला.

रुखमाचं लिहाचं राहिलंच. ती म्हणे मलेही टीव्हीवर पाय पाहाचे आहेत. डॉक्टर म्हणे चढा. चढली. पडद्यावर तिचे पाय पाहून डॉक्टर जवळ सरकले. मग तिले खुर्चीवर बसवलं, तळवा हातात घेऊन पाहिला, कशाने तरी टोचून टोचून विचारलं, समजते का, समजते का. मग दीक्षाने पडदा ओढला. बाहेर आली त मी विचारलं, काय म्हणे? ती म्हणे, "म्हणे तुमचे पाय भीमाबाईपेक्षा सुंदर आहेत."

खोटारडी!

१५ फेब्रुवारी, रविवार

जिन्याले दोन्हीकडे लोखंडी दांडे लागले. मोनालीने त्यांले लाल रंग दिला, म्हणे आई, तुमच्या टाचेचा रंग!

१८ फेब्रुवारी, बुधवार

रुखमा गच्चीवर आली नाही. कालही नाही आली, परवाही नाही. कठड्यावर मी चहा घेऊन उभी राहतो, तो थंड होते, मग मीच पितो. पहिल्यांदा वाटलं झोपली असेल. मग वाटलं रुसली. कुरडयाचं मी जास्तच बोलली का? पण सुरुवात तिनेच केली! मी कठड्यावरून हाक मारली, खालून तिच्या सुनेचा आवाज आला, "आई झोपल्या आहेत काकू." सकाळी नऊ वाजता?

दीक्षाले विचारलं, रुखमाच्या पायाचं काय निघालं? ती म्हणे, "आजी, एका पेशंटचं दुसऱ्याले सांगत नाही आम्ही." मी म्हणलं मी दुसरी नाही, मी भीमाबाई आहे. तरी सांगितलं नाही. मोठी झाली पोट्टी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज खाली उतरून, रस्त्याने, रुखमाच्या समोरच्या दारातून गेली. आमची घरं खेटून, पण मी त्या दारातून किती वर्षांनी गेली असेन! आमचं येणं-जाणं सगळं वरून.

ती दिवाणावर पाय वर करून बसली होती. एका पायाले पांढरी पट्टी. मी म्हणलं, "काहून नाही आली वं? कुरडयाचा राग?"

ती म्हणे, "तुझ्या कुरडया खाऊन राग येते, बोलून नाही येत."

मग हळूच सांगितलं. तिले साखर आहे, ते मले माहीत होतं. पण तळव्याले समजतच नाही हे कोणाले माहीत नव्हतं. म्हणे, "भीमा, पाय जमिनीले लागते. पण लागलं ते मले समजत नाही. गादीवर चालल्यासारखं वाटते." मशीनवर तिच्या तळव्यात एका जागी गडद लाल आलं, अंगठ्याच्या मागे. डॉक्टरांनी पाहिलं त तिथं जखम! चांगली रुपयाएवढी! दुखत नाही म्हणून तिले पत्ताच नाही. वेळेवर सापडली म्हणे, नाही त पायावर बेतलं असतं. आता पट्टी, औषध, वेगळा जोडा. अन् जिना बंद. जखम भरेपर्यंत नाही — कायमचाच बंद. पायरी कुठे आहे ते पायाले समजत नाही त चढायचं कसं?

मी म्हणलं, "मग इतके दिवस कशी चढत होती तू?"

ती म्हणे, "भिंत धरून. पायरी डोळ्याने पाहून. एकेक." मग म्हणे, "वर गेल्यावर तू दिसतं ना, म्हणून चढत होती. घरच्यांले सांगितलं असतं त तेव्हाच बंद केलं असतं, तुझ्या अंकुशसारखं."

मी तिच्या पट्टीकडेच पाहत बसली.

ती म्हणे, "अशी काहून बसली वं? काहीतरी बोल. नाही त चालून दाखव."

मी उठली अन् तिच्या खोलीत चालून दाखवली, नवरीसारखी. ती हसली. पण हसता हसता तिने पाय खाली सोडला अन् लगेच पाहून घेतलं का टेकला का नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

अंकुशले म्हणलं, मी खाली येतो. मागच्या खोलीतलं सिलिंडर काढ.

तो पाहतच राहिला. "आई, मशीन त हो म्हणाली ना!"

मी म्हणलं, "माझ्या पायाले हो म्हणाली गा."

दोन्ही अंगणांच्या मधात जी भिंत आहे ती माझ्या डोक्यावरून जाते. अंकुश रुखमाच्या पोराशी, ऋषीशी, बोलून आला. उद्या गवंडी येते, भिंत कंबरेपर्यंत उतरवते म्हणे, वरच्या कठड्याएवढी.